नसीब, दोर आणि छपरावरची माणसे

३ जून २०२०च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. हवामान खात्याने नोंदवलेला वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, मधले झोत १२०चे. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड तालुक्यांनी त्याचा मोठा मार खाल्ला. आमच्या बोर्ली पंचतनमध्ये काही तासांत सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि घरांची छपरे उघडी पडली. वीज गेली ती कित्येक आठवड्यांसाठी. वर टाळेबंदी, आणि पावसाळा दारात उभा.

त्या दिवसांत गावात सगळ्यांना एकच काम होते, छपरावर चढायचे. मुंबईहून परतलेली पोरे चढली, सुट्टीवर येऊन अडकलेले आखातातले नोकरदार चढले, साठी उलटलेली माणसेही चढली. कौले आणि पत्रे मिळेनात, गवंडी मिळेनात. ज्याला शिडी मिळाली तो कारागीर झाला.

आमच्या घराच्या मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यातले तीन फुटले होते. शेजारच्या वाडीतले एक काका वर्षानुवर्षे आमचे घर शाकारतात. माझ्या अब्बांच्या काळापासून त्यांचे येणे-जाणे. मी त्यांना बोलावले. ते म्हणाले, “भाई, दोन दिवस थांबू, पत्रा ओला आहे.” मी म्हणालो, “काका, आभाळ बघा. आजच होऊन जाऊ द्या.” ते चढले. अनवाणी, दोर नाही, फळी नाही. पाचव्या की सहाव्या पावलाला पत्रा मोडला आणि ते दहा फुटांवरून खालच्या ओट्यावर आदळले. खुब्याचे हाड मोडले. टेम्पोत गादी टाकून त्यांना नेले. ते वाचले, पण पुन्हा कधी छपरावर चढले नाहीत.

सगळे म्हणाले, नसीब. त्यांच्या घरचे म्हणाले, आमच्या घरचे म्हणाले. दवाखान्याचा खर्च मी उचलला म्हणून चार लोकांनी माझे कौतुकही केले. ओल्या पत्र्यावर त्यांना चढवले कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही. तो प्रश्न माझ्यापाशीच राहिला. इतिहास वाचण्याची सवय असल्यामुळे मी उत्तरही तिथेच शोधत गेलो. उंचावरून माणसे पडतात तेव्हा त्याचा हिशेब आजवर कोणी, कसा आणि कोणाच्या नावावर मांडला, याची ही थोडक्यात गोष्ट.

छपरे बदलली, चढण्याची रीत तीच

सुरुवात घरापासूनच करू. कोकणात जुनी साधी घरे गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेली असत. छप्पर हलके, उतरते आणि बुटके. माणूस घसरला तरी फार उंचावरून पडत नसे. पुढे हाताने घडवलेली नळीची कौले आली. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रावर घडवलेली, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले हळूहळू सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन हा तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा मुलूख. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले तरी घरांची ठेवण बरीच वर्षे तशीच राहिली.

मंगळुरी कौलाने घर उंच केले आणि दरवर्षी मेमध्ये वर चढणे भाग पडले. फुटके कौल बदलायचे, सरकलेले बसवायचे, पालापाचोळा काढायचा. कौलावर चालायचे एक शास्त्र आहे आणि ते जुन्या माणसांच्या पायात असते. पाऊल कौलाच्या मधोमध टाकायचे नाही, खाली रीप आणि वासा जिथे आहे तिथे टाकायचे. वजन एका पायावर फार वेळ ठेवायचे नाही.

नंतर सिमेंटचे पत्रे आले आणि हे शास्त्र अपुरे पडले. कौल मोडण्याआधी कुरकुरते. जुना सिमेंटचा पत्रा तसा इशारा देत नाही. तो दिसायला दणकट असतो, पण उन्हापावसात ठिसूळ होतो आणि शेवाळ चढले की निसरडा होतो. जगभरच्या सुरक्षा-नियमांत अशा छपराला ‘ठिसूळ छप्पर’ म्हणून वेगळे नाव आहे आणि त्यावर थेट पाय ठेवायला मनाई आहे. आडव्या लाकडांवर टेकतील अशा फळ्या टाकायच्या आणि फक्त फळीवरून सरकायचे. काकांचे पाय कौलाच्या शाळेत शिकलेले होते. मी त्यांना पत्र्यावर पाठवले.

दाभोळचा याकूत

उंच बांधकामांचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. विजापूरचा गोल घुमट आपण शाळेच्या सहलीत पाहतो. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा एकच घुमट, मध्ये एकही खांब नाही. जिथे उभे राहून कुजबुज ऐकायची ती गॅलरी जमिनीपासून शंभराहून अधिक फुटांवर आहे. या इमारतीचा वास्तुकार म्हणून दाभोळच्या याकूतचे नाव सांगितले जाते. दाभोळ म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे बंदर. कोकणी मुसलमानाला हे नाव वाचून अभिमान वाटतो, मलाही वाटतो.

पण त्या शंभर फुटांवर चुन्याची घमेली कोणी चढवली? बांबू आणि दोरांची परांची कोणी बांधली? घुमटाच्या कडेवर बसून वीट कोणी लावली? त्यातले किती खाली आले? बादशहाचे नाव राहिले, वास्तुकाराचे राहिले. वर चढलेल्यांचे राहिले नाही. हे केवळ विजापूरचे नाही. किल्ले, मंदिरे, मशिदी, मनोरे, सगळीकडे असेच आहे. पडलेल्या माणसाचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता, कारण तो कोणी देणे लागत नव्हता.

भोर घाटातले दोर

दोनशे वर्षे पुढे येऊ, आणि आपल्याच जिल्ह्यात. जी. आय. पी. रेल्वेला मुंबईहून पुण्याला जायचे होते आणि मध्ये सह्याद्री उभा होता. भोर घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरून जाणारे पूल. १८६१ साली काम ऐन भरात असताना इथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते.

कड्यात रेल्वेची वाट कोरायची तर आधी तिथे उभे राहायला जागा हवी. ती नव्हती. म्हणून कड्याच्या माथ्यावरून माणसांना दोरांनी खाली सोडत. हवेत लोंबकळत ते खडकात सुरुंगाची भोके पाडत. मग दारू भरायची, वात पेटवायची आणि वरच्यांनी ओढून घेण्याची वाट पाहायची. आज ज्या कामासाठी प्रशिक्षण, दोन स्वतंत्र दोर आणि अंगभर पट्टा लागतो, ते काम ही माणसे साध्या दोरावर करत होती. कॉलरा आणि ताप यांनी माणसे मेली ती वेगळीच.

१८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगल झाली. त्याच वर्षी पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने अभियंत्यांच्या मदतीने काम पुरे करून घेतले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. ॲलिसबाईंची हिंमत मोठी होती आणि त्यांचे नाव इतिहासात आले ते योग्यच झाले. दोरावर लोंबकळलेल्या एकाही माणसाचे नाव मात्र आपण घेऊ शकत नाही.

यात एक विचित्र योगायोग आहे. १८५५ साली, म्हणजे घाटाचे काम सुरू होण्याच्या तोंडावर, हिंदुस्थानात प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीमुळे कोणी मेला तर त्याच्या बायकामुलांनी दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी, अशी सोय त्यात होती. पण चूक सिद्ध करायची कोणी? घाटमाथ्यावरून पोटासाठी उतरलेल्या मजुराच्या विधवेने, रेल्वेच्या ठेकेदाराविरुद्ध, इंग्रज न्यायाधीशापुढे. कायदा कागदावर होता आणि माणूस कड्यावर.

पडल्यानंतरचा कायदा

हा उलटा भार हलला १९२३ साली. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४पासून लागू झाला. त्याचे मोठेपण एका वाक्यात सांगता येते: कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला असेल तर भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध करत बसायचे नाही. या कायद्याच्या परिशिष्टात कोणकोणती कामे येतात त्याची यादी होती. तिच्यात इमारतींचे बांधकाम आणि दुरुस्तीही होती. इमारत एक मजल्याहून मोठी असावी किंवा जमिनीपासून आढ्यापर्यंत तिची उंची बारा फूट भरावी, अशी मोजणी त्यात दिलेली होती. आमच्या मोहल्ल्यातले जवळपास प्रत्येक घर या मापात बसते. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मागच्या पडवीकडे पाहिले.

पण हा पडल्यानंतरचा कायदा. हात गेला तर किती, पाय गेला तर किती, जीव गेला तर किती, एवढेच तो सांगत होता. माणूस पडूच नये यासाठी काय करायचे, हा विचार अजून यायचा होता.

खाली बांधलेली जाळी

तो विचार ठळकपणे दिसला अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम जानेवारी १९३३मध्ये सुरू झाले. त्या काळात मोठ्या पुलांच्या कामात अमुक खर्चामागे एक मृत्यू असा हिशेब धरूनच चालत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस याने तो हिशेब मानला नाही. त्याने शिरस्त्राणे सक्तीची केली आणि पुलाच्या खाली मोठी जाळी बांधून घेतली. तिचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या वर गेला. त्या जाळीने १९ माणसांचे प्राण वाचवले.

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी कामाची एक जड परांची सुटून जाळीवर पडली, जाळी फाटली आणि दहा माणसे गेली. म्हणजे जाळीही पुरेशी नव्हती. पण एक गोष्ट कायमची बदलली होती. या पुलाच्या कामावर एकूण ११ जण मेले आणि ११ हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण त्या मृत्यूंचा हिशेब कोणीतरी ठेवला. जे १९ वाचले त्यांचाही ठेवला.

पानवल नदीवर

कोकण रेल्वेने आपल्याकडे असाच एक धडा दिला, तोही फार चर्चा न होता. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आहे. म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. गाडी त्यावरून जाते तेव्हा खिडकीतून खाली पाहवत नाही. हा पूल बांधताना त्याचा वरचा भाग दरीत उंच परांची उभारून जागच्या जागी ओतला नाही. दरीच्या टोकाला, पक्क्या जमिनीवर एकेक तुकडा ओतायचा आणि जॅकने पुढे ढकलत न्यायचा, अशी ती पद्धत. भारतात ती इथे पहिल्यांदाच वापरली गेली.

अभियंत्यांनी ती निवडली त्याला दरीची खोली, वेळ आणि खर्च अशी कारणे होती. पण त्यातून सुरक्षिततेचा पहिला नियम लख्ख दिसतो. जे काम जमिनीवर करता येते ते वर नेऊन करू नये. पट्टा, दोर, जाळी हे सगळे त्यानंतर. माणूस वर जितका वेळ कमी, तितका धोका कमी.

कोकण रेल्वेही माणसांचे मोल देऊनच झाली. भुसभुशीत मातीतल्या बोगद्यांनी, दरडींनी बळी घेतले. पण या वेळी रत्नागिरी स्थानकावर कामात प्राण गेलेल्यांसाठी श्रमशक्ती स्मारक उभे राहिले. भोर घाटापासून रत्नागिरीपर्यंत यायला एवढा काळ लागला.

तिथे पट्टा, इथे अनवाणी

आता आपल्या माणसांकडे वळू. कोकणी मुसलमान उंचीला नवखा नाही. आमच्या आजा-पणजांनी जहाजांवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून नोकऱ्या केल्या. डोलकाठीवर कोणाला चढवायचे, वारा किती असताना चढवायचे नाही, हे सारंग ठरवायचा आणि माणसाची जबाबदारीही त्याचीच असे. १९७३नंतर तेलाचे भाव वाढले तशी आमची पुढची पिढी कुवेत, सौदी, दुबईला गेली. कोणी ड्रायव्हर झाला, कोणी फोरमन, कोणी क्रेनवर, कोणी परांची बांधणारा. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा ४ जानेवारी २०१० रोजी खुला झाला. असले मनोरे भारतीय उपखंडातल्या मजुरांच्या हातांनी उभे राहिले आहेत.

तिथले सगळे चांगले होते असे नाही. उन्हाने, कर्जाने, अडकवलेल्या पासपोर्टांनी आपल्या लोकांचे काय केले हे घरोघर माहीत आहे. तरी चांगल्या साइटवर काम केलेला आमचा माणूस सांगतो, पट्टा न अडकवता परांचीवर दिसलो तर गेटबाहेर काढत, त्या दिवसाचा पगार जाई. दहा वर्षे तो असा पट्टा लावून काम करतो. मग महिनाभर सुट्टीवर बोर्लीला येतो आणि दुसऱ्याच दिवशी लुंगी खोचून, अनवाणी, भावाच्या छपरावर चढतो. तोच माणूस, तेच हाड. तिथे त्याला अडवणारा कोणी होता, इथे नाही. म्हणजे प्रश्न हिमतीचाही नाही आणि अडाणीपणाचाही नाही. वर जाणाऱ्या माणसाबद्दल खालच्या कोणाला जाब विचारला जातो की नाही, एवढाच आहे.

दहा मजूर, दहा लाख

भारतात बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा यावा म्हणून संघटनांनी १९८०च्या दशकात राष्ट्रीय मोहीम चालवली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तिच्यामागे उभे होते. १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला. सुरक्षित परांची, शिड्या, उंचावरचे काम, पट्टे, पाचशे किंवा अधिक मजूर असतील तिथे सुरक्षा समिती, असे पुष्कळ त्यात आले. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळे निघाली. आपण ज्याला लेबर कार्ड म्हणतो ते याच कायद्यातून आले. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचे काम, या अटींवर नोंदणी होते. उपकराचा पैसा गोळा होऊनही मजुरांपर्यंत पोहोचत नाही, यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

मोठ्या कामांवरही कायदा पुरला असे नाही. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटेआधी शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. तरी तिथे चौकशी झाली, गुन्हा नोंदला गेला, बातमी देशभर गेली.

आमच्या पडवीचे काय? १९९६च्या कायद्याचे कलम वाचताना मी थबकलो. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक बांधकाम मजूर असतील तिलाच तो लागू. आणि एखादी व्यक्ती स्वतःच्या राहत्या घराचे काम करून घेत असेल आणि एकूण खर्च दहा लाखांच्या आत असेल, तर ती व्यक्ती यातून वगळलेली. २१ नोव्हेंबर २०२५पासून हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. तिथेही दहा मजुरांची अट आहे आणि राहत्या घराच्या खर्चाची मर्यादा ५० लाखांवर गेली आहे.

सरकारचे म्हणणे समजू शकते. प्रत्येक घराच्या शाकारणीला निरीक्षक पाठवणार कुठून? पण त्याचा अर्थ असा की बोर्लीतले, दिवेआगरचे, म्हसळ्याचे जवळपास प्रत्येक छप्पर या सुरक्षा-नियमांच्या बाहेर आहे. विजापुरात हिशेब कोणी देणे लागत नव्हता. भोर घाटात ठेकेदार कायद्याने देणे लागत होता, पण द्यायला लावणारे कोणी नव्हते. आणि आमच्या पडवीखाली ठेकेदार, मुकादम, सारंग सगळे काही मीच होतो.

उंटाचा दोर

म्हणून ‘नसीब’ या शब्दाकडे परत येतो. तकदीरवर आपला ईमान आहे. पण एका बदूने आपल्या नबींना विचारले होते की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून ठेवू. आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले. तिर्मिजींच्या हदीस-संग्रहातली ही गोष्ट आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. तवक्कुलचा अर्थच तिच्यात आहे, आणि त्यात दोर आधी येतो. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडेही ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण अशा माणसाची थट्टा करण्यासाठीच वापरतात.

काका पडले त्या दिवशी मी उंट बांधला नव्हता. शिवाय उंट दुसऱ्याचा होता. स्वतः चढून पडलो असतो तर नसीब म्हणण्याचा थोडा तरी हक्क मला होता. दुसऱ्याला चढवून त्याच्या मोडलेल्या हाडाला नसीब म्हणणे म्हणजे आपली चूक अल्लाहच्या नावावर लिहिणे.

काय करता येते

गेली काही वर्षे मी आमच्या घरी एक रीत घातली आहे. ती कोणालाही जमण्यासारखी आहे.

दहा फूट म्हणजे फार नाही असे वाटते. पण दहा फुटांवरून पडायला एक सेकंदही लागत नाही आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून आधी पाहायचे, हे काम खालून होईल का. पत्रा खालून, आतल्या बाजूने शिडीवर उभे राहून बदलता आला तर वर जायचेच नाही. कापणे, भोके पाडणे, मोजमाप सगळे अंगणात. वर जावेच लागले तर शिडी अशी लावायची की चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर येईल, आणि तिचे टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर निघेल. खाली एक माणूस धरायला, वर शिडी बांधलेली. सिमेंटच्या पत्र्यावर फळ्या, त्याही खालच्या किमान दोन आडव्या लाकडांवर टेकलेल्या. कंबरेचा साधा पट्टा नव्हे, तर खांद्यांवरून आणि मांड्यांतून जाणारा अंगभर पट्टा. कंबरेचा पट्टा माणसाला अडवतो, पण त्याच झटक्यात पोट आणि पाठीचा कणा दुखावू शकतो. दोर रिपेला बांधायचा नाही. आढ्यावरून पलीकडे टाकून पक्क्या खांबाला किंवा जित्या, जाड झाडाला बांधायचा, आणि कडेवर जिथे घासतो तिथे गोणपाट गुंडाळायचे. दोर इतका मोकळा ठेवायचा नाही की माणूस जमिनीवर आदळल्यावर तो ताणला जाईल. विजेची तार जवळून जात असेल तर आधी प्रवाह बंद करून घ्यायचा. पत्रा ओला असेल किंवा वारा असेल तर काम नाही. आणि कारागीर “थांबू” म्हणाला तर मालकाने घड्याळ दाखवायचे नाही.

एवढे करूनही कोणी पडलाच तर हातपाय धरून उचलायचे नाही. मान आणि पाठ हलू न देता १०८ला फोन लावायचा. काकांना आम्ही टेम्पोत कसे चढवले ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

अंगभर पट्टा, चांगला दोर, आढ्याला अडकणारी शिडी, चार जाड फळ्या. एका घराला हा खर्च जड वाटतो, कारण वर्षातून दोनदाच लागतो. पण मोहल्ल्याला तो जड नाही. आपल्या जमातीत लग्नाच्या देगी सामाईक असतात, सतरंज्या सामाईक असतात. मशिदीत जनाज्याची खाट ठेवलेली असते, ज्याला लागेल तो नेतो आणि काम झाले की परत आणून ठेवतो. तिच्या शेजारी एक शिडी, एक पट्टा आणि एक दोर ठेवायला जागा निघेल. शेजारच्या वाडीतल्या माणसालाही तो तितक्याच हक्काने नेता यावा, कारण आपली निम्मी छपरे त्याच्याच हातची आहेत.

यंदा मेमध्ये मागच्या पडवीचे दोन पत्रे बदलले. माझा पुतण्या पट्टा लावून फळीवर होता, मी खाली शिडी धरून. एरवी तासाभराचे काम, त्याला अर्धा दिवस लागला. काका अंगणात खुर्ची टाकून, काठी पायाशी ठेवून बसले होते. पुतण्याने घाईत एकदा पाय फळीबाहेर टाकला तसे ते ओरडले, “अरे बाबा, फळीवर ये! तुझ्या चाच्याला घाई असेल, तुला कशाला?”